एकटी निघालेली यात्रेकरू
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे वक्त्याने देवाचा महिमा सांगावा, दात्यांचे आभार मानावेत आणि महाप्रसादाची वेळ झाली की थांबावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आभाराचे काम समितीने यथोचित केलेच आहे. आजच्या विषयातील व्यक्तीचे नाव मात्र देणगीच्या यादीत सापडणार नाही. सणाच्या दिवशी ती एस.टी.तून उतरते. हातात एक पिशवी असते, बरोबर कोणी नसते. पायरीला हात लावून तो कपाळाला लावते, दर्शन घेते आणि ओवरीत सावली पाहून बसते. यात्रेला एकटी निघालेली बाई ती हीच. देवळाशी तिचे नाते फार जुने आहे, आणि त्या नात्याची आठवण आजच्या दिवशी होणे उचित आहे.

आपल्या बीड जिल्ह्याला तर ही यात्रेकरू नवी नाहीच. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातील कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी. समुद्राकाठच्या लोकांची कुलदेवता बालाघाटाच्या डोंगरात कशी, याची कथा वडीलधारी माणसे सांगतात. देवीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले. वऱ्हाड कोकणातून निघाले. वाटेत मुहूर्त टळला आणि लग्न राहिले. वऱ्हाडी तेथेच दगड झाले असे म्हणतात, आणि हत्तीखान्याच्या लेण्यांतील दगडी हत्ती दाखवून त्या वऱ्हाडाची खूण सांगतात. देवी परत माहेरी गेली नाही. ती अंबाजोगाईलाच राहिली, एकटी आणि कुमारी. लग्न राहिले म्हणून तिला कोणी कमी लेखले नाही. आश्विनातील नवरात्रात आणि मार्गशीर्षातील उत्सवात सुवासिनी तिचीच ओटी भरतात. परळी आणि अंबाजोगाई ही दोन्ही क्षेत्रे एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. परंतु देवी स्वतःच्या घरी स्वतःच्या मानाने नांदते आहे.

देवीला जो मान मिळाला तो मानवी स्त्रीला सहजासहजी मिळाला नाही. कऱ्हाडच्या सखूची कथा कीर्तनातून सर्वांनी ऐकली आहे. १९४१ मध्ये प्रभात कंपनीने तिच्यावर बोलपटही काढला होता. कृष्णेवर पाण्याला गेलेली सखू पंढरीला निघालेली दिंडी पाहते आणि तशीच तिच्याबरोबर निघते. सासरची माणसे तिला ओढून आणतात आणि खांबाला बांधतात. मग पांडुरंग स्वतः सखूचे रूप घेऊन त्या खांबाला बांधून घेतो, तिच्या वाटचे दळण-कांडण करतो आणि सखू वारीला जाते. या कथेतील चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो. त्यातील व्यवहार मात्र ध्यानात येत नाही. बाईला सणाला घराबाहेर पडायचे तर तिच्या वाटचे काम कोणीतरी करावे लागते. घरातले कोणी करीना, तेव्हा ते देवाला करावे लागले.

मंगळवेढ्याची कान्होपात्रा हीही वारकऱ्यांच्या मेळ्यातून पंढरपूरला गेली. तिच्यामागे तर राजसत्तेचे दूत लागले होते, असे परंपरा सांगते. तिला शेवटचा आसरा मिळाला तो देवळाच्या आवारातच. देऊळ हे पूजेचे स्थान आहे, तसे ते मागे कोणी नसलेल्या स्त्रीच्या आश्रयाचेही स्थान आहे, हे या कथेतून आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले.

हे ज्यांनी पुरते ओळखले त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होत. त्यांचा जन्म १७२५ सालचा, गाव चौंडी. आज ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात, आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच आहे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले. त्यानंतर १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत या विधवा स्त्रीने महेश्वराहून राज्य चालविले. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, हे प्रत्येक परळीकर अभिमानाने सांगतो. काशी विश्वेश्वराचे मंदिरही १७८० च्या सुमारास त्यांनीच पुन्हा उभे केले. परंतु त्यांच्या कामांत मंदिरांच्या बरोबरीने घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांचा भरणा आहे. मंदिर देवासाठी आणि धर्मशाळा वाटसरूसाठी, अशी फारकत त्यांनी केली नाही. थकलेल्या यात्रेकरूला पाणी, छप्पर आणि चार घास मिळाले नाहीत तर शिखर कितीही उंच असले तरी पुण्य अपुरे राहते, हे त्या जाणत होत्या. आज आपण जीर्णोद्धार हा शब्द वापरतो, तो त्यांच्याच अर्थाने वापरावयास हवा.

अलीकडच्या काळातील एक नाव घेतले पाहिजे. डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विदुषी. त्या जर्मनीत शिकून आल्या होत्या. ‘युगान्त’ या ग्रंथामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. त्या आषाढी वारीत दिंडीबरोबर चालल्या आणि तो अनुभव त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहिला. तो लेख १९४९ च्या ‘परिपूर्ती’ संग्रहात आहे, आणि १९६२ मध्ये इंग्रजीतून तो परदेशातही वाचला गेला. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असा या भूमीचा नवा अर्थ त्यांना त्या वाटेवर उमगला. त्याबरोबर त्यांना दुःखही झाले. एकच अभंग म्हणणारी, एकाच वाटेने चालणारी माणसे जेवायच्या वेळी जातीजातीने वेगळी बसत होती. भक्तिभावाने चाललेल्या या बाईने ते पाहिले आणि स्पष्ट लिहिले. एकट्या यात्रेकरूची नजर अशी असते. देवळात आणि वाटेवर काय चालते ते तिला आधी दिसते, कारण त्याचा चटका आधी तिलाच बसतो.

आता आपल्या दाराशी या. बीड जिल्ह्यातील बाई प्रवास करीत नाही असे कोणी म्हणणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता मांडला जातो. उचल एका कोयत्याची असते आणि बाई त्या कोयत्याचा अर्धा भाग असते. शेकडो मैल जाते, परंतु ते जाणे तिच्या मनाचे नसते. आषाढात मात्र हीच बाई तुळस डोक्यावर घेऊन वारीला निघते. नाथांची पालखी पैठणहून रायमोहा, पाटोदा या मार्गाने जाते. मुक्ताबाईची पालखी खानदेशातून येऊन बीड शहरात मुक्काम करते. शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. त्या वाटेवर ती कोणत्याही हिशेबात अर्धी नसते. वर्षभरात स्वतःच्या मनाने केलेली तिची वाटचाल बहुधा एवढीच.

घरचे कोणी नसताना ती दिंडीत निर्धास्त चालते, याचे कारण दिंडीची शिस्त होय. भिशी भरली की नाव लागते. पिशवी गाडीत जाते. पंगतीला पान मिळते आणि रात्री बायकांच्या राहुटीत बायकांच्या मध्ये जागा मिळते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तेथे प्रत्येकजण प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. गावात बाईला पहिला प्रश्न असतो, ‘तू कोणाची कोण?’ दिंडीत तो प्रश्नच उरत नाही.

वारीची ही रीत आपल्या देवळात वर्षभर चालावी, एवढेच मागणे आहे. आज बाईला वाट सोपी झाली आहे. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. म्हातारी आई आता मुलाची वाट न पाहता यात्रेला निघते. पण उतरल्यावर तिला काय लागते? पिण्याचे पाणी, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, रात्रभर जळणारा दिवा, बायकांसाठी वेगळी ओवरी, परतीच्या गाडीची वेळ सांगणारे एखादे शहाणे माणूस. शिखराच्या मानाने हा खर्च अल्प आहे.

एक गोष्ट तर बिनखर्चाची आहे. एकट्या आलेल्या बाईंत विधवा पुष्कळ असतात. कर्ज आणि दुष्काळापायी मराठवाड्यात किती घरांचे कर्ते पुरुष गेले, हे या सभेला सांगावयास नको. नवरात्रात ओटीच्या वेळी त्या मागे सरकून उभ्या राहतात. कोणी हटकण्याच्या आधी स्वतःच सरकतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. एका गावाला जे जमले ते दुसऱ्याला अशक्य नाही. योगेश्वरी कुमारी आहे, अहिल्यादेवी विधवा होत्या. त्यांच्या जिल्ह्यात आणि शेजारात, देवीसमोर कोणत्याही बाईने मागे का सरकावे?

दातेहो, आपल्या नावाची फरशी गाभाऱ्याजवळ बसली आहे. ती शोभतेच आहे. पुढील नवरात्रात एखादी अनोळखी बाई एकटी येईल, दर्शन घेईल, त्या फरशीवर पाठ टेकील आणि निर्धास्त झोप घेऊन सकाळच्या गाडीने जाईल. तिला आपले नाव वाचता येईल की नाही कोण जाणे. पण त्या सकाळी हा जीर्णोद्धार पुरा झाला असे समजावे.

ग्रामदेवता सर्वांचे कल्याण करो.