विमापत्रातला माणूस



मोटारीच्या विम्याशी कामगार संघटनेचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे शाळेचे शिक्षण बेताचे. कायदा वाचायला शिकलो तो हजेरीपट आणि करारनामे चाळून. तिथे एकच धडा मिळाला : कागदात जो माणूस धरलेला नाही, त्याच्या हाती संकटाच्या दिवशी काही लागत नाही. विमापत्राचेही तसेच आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला आहे. त्रयस्थ म्हणजे धडक बसलेला वाटसरू किंवा सायकलस्वार. हा हप्ता आपल्या गाडीसाठी नसून दुसऱ्याच्या जिवासाठी असतो. आपली गाडी चोरीला गेली किंवा तोरणमाळच्या घाटात कोसळली, तर स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा लागतो. सर्वसमावेशक पॉलिसीत दोन्ही येतात. तरी रबर-प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत झिजेपोटी कापली जाते.

आता आत बसलेल्यांचे पाहू. खासगी मोटारीची पॉलिसी सर्वसमावेशक असेल, तर आतले लोक तिच्यात येतात. नुसती सक्तीची असेल, तर बहुधा येत नाहीत. खासगी म्हणून नोंदलेली जीप भाड्याने चालवली, तर वापराची अट मोडते आणि कंपनी हात वर करते.

काही वर्षांपूर्वी एक बाई विमापत्राची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे आली. तिचा नवरा मालाच्या टेम्पोत मागे बसून मजुरीला निघाला होता, वाटेत गेला. हप्ता वेळेवर भरलेला होता. पण मालगाडीत बसवून नेलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर कायद्याने बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले आहे. अशा गाडीत बरोबर असलेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरला जातो. हा मजूर यांपैकी कोणीच नव्हता. त्या बाईला हे समजावून सांगताना आमची जीभ जड झाली.

दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात. अनेकजण अशाच गाड्यांतून, पोराबाळांसह. म्हणून गाडीमालकांना आमची विनंती आहे : विमा कोणता, वापर कोणता आणि आतला माणूस धरला आहे का, या तीन गोष्टी आज घरी जाऊन वाचा. आणि मजूर बंधूंनो, फाळक्यावर पाय ठेवण्याआधी मुकादमाला विचारा, ‘गाडी माणसांची आहे की मालाची?’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.