वेंगुर्ल्याची डच वखार

शाळेंत असतांना एकदां मी मुलांना घेऊन वेंगुर्ल्याची डच वखार पाहावयास गेलों होतों. छप्पर केव्हांच गेलें होतें. जांभ्याच्या जाड भिंतींत आणि कमानींत झाडांनीं मुळें रोवलीं होतीं. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, परक्या व्यापाऱ्यांचें हें घर आपण कां जपावें?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. श्रोतेहो, तें आज देतों.

डच ईस्ट इंडिया कंपनीनें १६३७ सालीं वेंगुर्ल्यास ठाणें केलें. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना येथून रसद मिळे. पुढें डच गेले. १८१२ सालीं वेंगुर्ले इंग्रजांकडे आलें. कालांतरानें इंग्रजही गेले. वास्तु मात्र आपल्याकडे राहिली. वास्तूची धाटणी परकी खरी, परंतु तिचा चिरा आपल्याच भूमींतला आहे. आणि आपल्या किनाऱ्यावर जगाचा व्यापार कसा लढला गेला, याची ती साक्ष आहे. साक्षीदार परका म्हणून त्याची साक्ष कोणी फेंकून देत नाहीं.

ही वास्तु राज्याच्या संरक्षित स्मारकांत आहे. परंतु नुसत्या फलकानें भिंत तगत नाहीं. जांभा खाणींत मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो. तरी तो सच्छिद्रच. छप्पर गेलें कीं आपल्याकडचा शंभर इंचांहून अधिक पाऊस भिंतीच्या माथ्यांतून आंत उतरतो आणि सांध्यांतील चुना धुऊन नेतो. त्या फटींत पांखरें पिंपळाचें बीं टाकतात. पुढें मूळ पाचरीसारखें चिरे फोडतें.

उपाय मोठे नाहींत. रोप कोवळें असतांनाच काढावें. वाढलेलें झाड मात्र हिसकून उपटूं नये, नाहीं तर त्याबरोबर भिंतच येते. माथा चुन्यानें बंद करावा. सिमेंट वापरूं नये. तें ओल कोंडून ठेवतें व मऊ चिरा झिजतो. पडलेला चिरा घरीं नेऊं नये, कारण कोणती कमान कोठें होती हें तोच सांगतो.

कोंकणांत आपण दरवर्षीं पावसापूर्वीं घर शाकारतों. वाडवडिलांनीं बांधलें म्हणून नव्हे, तर आपल्या मागून कोणी तेथें राहावें म्हणून. तो मुलगा आतां मोठा झाला असेल. त्याला माझें एवढेंच सांगणें आहे: बाळा, घर बांधणाराचें जितकें असतें, तितकेंच शाकारणाराचेंही असतें.