दोन अक्षरांचा वारसा : आनुवंशिकता आणि सिकलसेल

(माध्यमिक शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘आनुवंशिकतेची मूलतत्त्वे’ असा छापलेला आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकात हा विषय वाटाण्याच्या वेलापासून सुरू होतो आणि विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा वाटाण्यापाशीच संपतो. तीनास एक हे प्रमाण विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. त्याच विद्यार्थ्याच्या घरी, एखाद्या पेटीच्या तळाशी, त्याच्या बहिणीच्या रक्ततपासणीचा कागद घडी घालून ठेवलेला असतो. त्यावर ‘एएस’ अशी दोन अक्षरे असतात. वाटाण्याचे ते गणित आणि ही दोन अक्षरे यांचा काही संबंध आहे, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते. तो संबंध उलगडून सांगणे हेच आजचे माझे काम आहे, असे मी समजतो.

आरंभ मात्र वाटाण्यापासूनच करावयास हवा. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्र्नो या गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने 1856 ते 1863 या काळात वाटाण्याची हजारो रोपे वाढविली. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. परंतु त्याच पिढीतून पुढची पिढी घेतली, तेव्हा 5,474 दाणे गोल आणि 1,850 दाणे सुरकुतलेले मिळाले. तीनास एक हे प्रमाण ते हेच.

या आकड्यांपेक्षाही त्यांचा अर्थ महत्त्वाचा आहे. आईबापांचे गुण अपत्यात दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जातात, अशी त्या वेळी सार्वत्रिक समजूत होती. मेंडेलने दाखविले की ते तसे मिसळत नाहीत. गव्हात तांदूळ मिसळले तरी ते निवडून वेगळे काढता येतात. तद्वत आनुवंशिक घटक एकत्र नांदतात, परंतु एकमेकांत विरघळत नाहीत. सुरकुतीचा घटक पहिल्या पिढीत नष्ट झालेला नव्हता, तो केवळ दडलेला होता. 1865 साली मेंडेलने हे काम ब्र्नोमधील विद्वत्सभेत वाचून दाखविले आणि पुढच्या वर्षी ते छापले गेले. जगाने त्याची खरी दखल घेतली ती 1900 साली. मेंडेल 1884 सालीच निवर्तला होता.

या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. मनुष्याच्या पेशीत 46 गुणसूत्रे, म्हणजे 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि दुसरे वडिलांकडून येते. म्हणून लिंगगुणसूत्रांचा अपवाद वगळता प्रत्येक जनुकाच्या आपल्यापाशी दोन प्रती असतात. गुणसूत्रात गुंडाळलेला रेणू म्हणजे डीएनए. त्याची दुहेरी पिळाची रचना 1953 साली वॉटसन व क्रिक यांनी मांडली; रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांवाचून ते त्यांना साधले नसते. ही चार अक्षरांची लिपी आहे : ए, टी, जी आणि सी. आईकडून मिळालेल्या एका संचात सुमारे 300 कोटी अक्षरे आणि वडिलांकडून मिळालेल्या संचातही तितकीच. तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि प्रथिनाच्या साखळीत कोणते अमिनो आम्ल गुंफावयाचे, हे तो शब्द सांगतो.

एवढ्या मोठ्या ग्रंथात एक अक्षर चुकले तर काय होते? बहुतेक वेळा काहीच होत नाही. परंतु अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक आहे. या साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. तिच्या सहाव्या स्थानाचा शब्द ‘जीएजी’ असा असावयास हवा. तेथे मधल्या ‘ए’ च्या जागी ‘टी’ आला की ‘जीटीजी’ होते आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन गुंफले जाते. या बदललेल्या हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात आणि नेहमीच्या हिमोग्लोबिनला ‘ए’. (डीएनएच्या लिपीतील ‘ए’ आणि हिमोग्लोबिनचा ‘ए’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात. शिक्षकांनी आधीच सांगून टाकावे.)

‘एस’ हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांस चिकटून लांब दांडे बनतात, आणि एरवी मऊ व गोल असलेली तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधील एका तरुणाच्या रक्तात प्रथम अशा पेशींचे वर्णन केले. हा रक्तातील एका रेणूचाच दोष आहे, हे 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलते, हे पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधले. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. विळ्यासारखी पेशी दहा ते वीस दिवसांतच मोडते. म्हणून रुग्णास रक्तक्षय होतो. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. वारंवार जंतुसंसर्ग होतो, प्लीहा निकामी होते, कधी लहान मुलासही पक्षाघात होतो.

ज्याच्या दोन्ही प्रती ‘एस’ आहेत तो ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. ज्याची एकच प्रत ‘एस’ आहे तो ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाच्या पेशीत पुरेसे ‘ए’ हिमोग्लोबिन असते आणि तो सामान्यतः इतर कोणाहीसारखे निरोगी आयुष्य जगतो. मेंडेलच्या वाटाण्यात दडलेली सुरकुती ती हीच.

आता माता आणि पिता दोघेही वाहक असले तर काय होईल? हे फळ्यावर चौकोन आखून सांगण्यापेक्षा चिंचोक्यांनी सांगितलेले मुलांना चटकन समजते, असा माझा अनुभव आहे. सारीपाटासाठी फोडतो तसा चिंचोका मधोमध फोडावा. एक फाक आईची, दुसरी वडिलांची. पांढरी बाजू वर आली तर ‘एस’, तपकिरी बाजू आली तर ‘ए’. दोन्ही फाका एकदम टाकाव्यात. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर मूल रुग्ण, एकच पांढरी पडली तर वाहक, दोन्ही तपकिरी पडल्या तर दोषमुक्त. पुष्कळ वेळा टाकले म्हणजे चारांत एक रुग्ण, दोन वाहक आणि एक दोषमुक्त, या प्रमाणाच्या जवळपास आकडे येतात. (फाकेच्या दोन्ही बाजू सारख्या नसल्यामुळे हे अचूक येत नाही. ज्यांना काटेकोरपणा हवा त्यांनी दोन नाणी घ्यावीत.)

परंतु खरा धडा निराळाच आहे. फाकांना स्मरणशक्ती नसते. गेल्या वेळी दोन्ही पांढऱ्या पडल्या होत्या, म्हणून या वेळी पडणार नाहीत, असे होत नाही. ‘चारांत एक’ याचा अर्थ ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप’ असा लावलेला मी अनेक ठिकाणी ऐकला आहे, आणि त्या समजुतीवर पुढच्या बाळंतपणाचा निर्णय झालेलाही पाहिला आहे. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रुग्ण होण्याचा धोका पंचवीस टक्केच असतो. पहिल्याला तेवढा आणि चौथ्यालाही तेवढाच. चार अपत्यांच्या अशा 256 कुटुंबांचा हिशेब मांडला तर सरासरीने 81 कुटुंबांत एकही रुग्ण नसेल आणि उरलेल्या 175 कुटुंबांत एक किंवा अधिक असतील. घराणे तेच, रक्त तेच. एका भावाच्या घरी चार रोगमुक्त मुले आणि दुसऱ्याच्या घरी दोन आजारी, यात करणी नाही, शाप नाही, फाका कशा पडल्या एवढेच आहे.

हे गणित आणखी एक गोष्ट सांगते. अकरावे गुणसूत्र लिंग ठरविणारे नाही. मुलगा-मुलगी यांना धोका समान असतो. रुग्ण मुलाला ‘एस’ ची एक प्रत आईकडून आणि दुसरी वडिलांकडून मिळालेली असते. (क्वचित एका बाजूने ‘एस’ आणि दुसऱ्या बाजूने थॅलॅसीमियाचे जनुक येऊनही असाच आजार होतो, तेथेही वाटा दोघांचाच.) असे असता ‘सुनेने आजार घरात आणला’ हे वाक्य ज्या निर्धास्तपणे उच्चारले जाते, त्याला शास्त्रात काडीचाही आधार नाही. मुली झाल्या म्हणून मातेस दोष देण्याची जी जुनी चूक, तिचीच ही धाकटी बहीण.

विवाहाच्या बाबतीत उलट बाजूची चूक होते. मुलगी वाहक आहे असे कळताच ठरलेली सोयरीक मोडते. वस्तुतः वाहकाचा विवाह ‘एए’ व्यक्तीशी झाला तर एकही अपत्य ‘एसएस’ होऊ शकत नाही. प्रश्न उभा राहतो तो दोघेही वाहक असले तर, अथवा एक रुग्ण व दुसरा वाहक असला तर. म्हणून तपासणी करावयाची ती दोघांचीही. केवळ मुलीचा कागद मागणे आणि मुलाचे रक्त न तपासणे हे निरर्थक आहे.

हा एखाद्या जातीचा अथवा जमातीचा दोष मानला जातो, त्याविषयीही बोलले पाहिजे. भारतात ‘एस’ हिमोग्लोबिनची नोंद लेमन व कटबुश यांनी 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये केली. 1958 साली नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध केला. आपल्या राज्यात नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट येथील आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे. विदर्भात अनुसूचित जाती व इतर मागासवर्गांतही तो आढळतो. परंतु आफ्रिका, अरबस्तान आणि भूमध्य समुद्राच्या काठचे देश येथेही तो आहे. कारण 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून पुढे आणले. वाहकाला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे पिढ्यानपिढ्या हिवतापाने बालके दगावली, तेथे ‘एएस’ असलेली अधिक वाचली आणि जनुक टिकून राहिले. आपल्या पूर्वजांपैकी कितीकांना याच अक्षराने वाचविले असेल! ज्याला आपण आज कलंक म्हणतो त्याचा इतिहास हा असा आहे.

तपासणीसंबंधी एक व्यावहारिक गोष्ट. गावात प्रथम होते ती विद्राव्यता चाचणी. रक्ताचे द्रावण गढूळ झाले तर ‘एस’ आहे एवढेच तीवरून कळते. वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. सहा महिन्यांखालील बालकांत तर तिच्यावर विसंबताच येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. पहिल्या चाचणीवरच मुलाला रुग्ण समजून घरी परत पाठविणे, हा त्याच्यावर अन्याय आहे.

डीएनए तंत्राने यापुढचा पल्ला गाठला. 1978 साली सान फ्रान्सिस्को येथे कान व डोझी यांनी गर्भाच्या डीएनएवरून या रोगाचे निदान करण्याचा मार्ग दाखविला. आता ते एक अक्षर थेट वाचता येते. दोघे वाहक असलेल्या दांपत्याने गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुढचा निर्णय त्यांचा आहे, शेजाऱ्यांचा नव्हे. त्याहून नवी घटना 2023 सालची. त्या वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने जनुक-संपादनाच्या उपचारास मान्यता दिली. गर्भात असताना आपल्या शरीरात निराळे हिमोग्लोबिन असते व ते जन्मानंतर बंद होत जाते. म्हणूनच रोगाची लक्षणे पहिल्या काही महिन्यांत दिसत नाहीत. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून हे बंद झालेले कवाड पुन्हा उघडावयाचे, अशी ही युक्ती आहे. अमेरिकेत तिची किंमत 22 लाख डॉलर ठरविण्यात आली. गडचिरोलीच्या बालकाला तिचा आज उपयोग नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. त्याच्या उपयोगाच्या गोष्टी स्वस्त आहेत : वेळेवर निदान, लसी, फॉलिक आम्लाच्या गोळ्या, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, ज्याने वेदनांचे झटके कमी होतात.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे आकडे वाढतील; परंतु कागदावरील दोन अक्षरांचा अर्थ घरी जाऊन कोणी सांगितला नाही, तर तो कागद पुन्हा पेटीच्या तळाशीच जाईल.

शिक्षकांपुरते सांगावयाचे तर, रुग्ण विद्यार्थ्यास वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि लघवीस जाण्यास अडवू नये. त्याला उन्हात उभे करू नये, दमछाक होईल अशी कवायत लावू नये, थंडीत भिजू देऊ नये. गुडघे दुखतात म्हणून तो गैरहजर राहिला तर ते ढोंग समजू नये. ताप आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वाहक विद्यार्थ्याला सामान्यतः यांपैकी कोणत्याही सवलतीची गरज नसते, आणि त्याला ती देऊन वेगळे पाडूही नये.

ग्रामपंचायत सदस्यांस एकच विनंती. तपासणी शिबिरासाठी सभागृह द्यावे, दवंडी द्यावी, दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. परंतु शिबिरानंतर नावांची यादी तयार होईल, ती ग्रामसभेत वाचली जाऊ नये आणि कार्यालयाच्या फळ्यावर लावली जाऊ नये. ज्याचा निकाल त्यालाच, आणि मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना, बंद पाकिटात द्यावा. आणि तो देताना आई व वडील दोघांनाही एकत्र बसवून समजावून सांगावा.