अर्थ लागत नाही

मी कविता लिहितो. त्यामुळे ‘अर्थ लागत नाही’ हे वाक्य मला नवीन नाही. पण पिंपरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तेच वाक्य मी माझ्या स्कूटरबद्दल ऐकलं, तेव्हा जरा चमकलोच. वायरिंगचं काम करणारे अण्णा गाडीशेजारी उकिडवे बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘कविराज, हिला अर्थ लागत नाही.’’

स्कूटर अब्बांची. चेतक, १९८४ सालची. १९७२ पासून चेतक आमच्या शेजारी आकुर्डीतच बनत होती. तरी ती दारात यायला अब्बांना नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागलं. भोसरीच्या एका प्रेस शॉपमधली त्यांची नोकरी, आमच्या शाळा, अम्मीचा दवाखाना, बहिणीच्या लग्नाची खरेदी, सगळं त्या एका गाडीनं ओढलं. अब्बा गेल्यावर मी ती हौसेनं रंगवून घेतली. पार सुटी करून, आतून-बाहेरून. नवरीसारखी सजून आली.

आणि तिथून दुखणी सुरू झाली. हेडलाइट पणतीसारखा. हॉर्न घसा बसल्यासारखा. ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळायच्या ऐवजी मिणमिणायचा. याहून विचित्र म्हणजे, बंद करायचं बटण दाबलं तरी इंजिन बंद होईना. गिअरमध्ये ठेवून क्लच सोडायचा आणि तिला आचका देऊन गप्प करायचं. मी बल्ब बदलले, हॉर्न बदलला, स्विचही बदलला. पैसे गेले, दुखणं राहिलं.

एका रात्री चाकणहून कवी मित्राकडून परत येत होतो. मोशीच्या अलीकडे मागून कंटेनरचे ब्रेक असे करकरले, की मी गाडीसकट रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरलो. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, ‘‘चाचा, पीछे बत्ती नहीं है!’’ त्याच्या आवाजात राग नव्हता, तो घाबरला होता. घरी मुलगा म्हणाला, ‘‘अब्बू, आता भंगारात द्या.’’ त्याच महिन्यात आरटीओत फेरनोंदणीची तपासणी होती. दिवे लागले नाहीत तर मुलाचंच खरं होणार होतं.

अण्णांनी समजावलं ते असं. दिव्याकडे वीज वायरीनं जाते, हे सगळ्यांना दिसतं. पण ती परत कशी येते? जुन्या स्कूटरमध्ये परतीच्या रस्त्याला बहुतेक ठिकाणी वेगळी वायर नसते. गाडीचा पत्राच परतीची वाट असतो. त्यालाच मेकॅनिक लोक बॉडी अर्थ म्हणतात. शिवाय चेतकचं इंजिन रबराच्या बुशांवर बसवलेलं. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी एक साधी वायर लागते. ती सैल झाली, तिच्या टोकाच्या थिंबलला कीट चढला, की सगळ्या गाडीचा परतीचा रस्ता अडतो. मग वीज आडवाटा शोधते. ब्रेकची वीज दुसऱ्याच दिव्यातून वाट काढू बघते आणि दोन्ही दिवे अर्धपोटी राहतात. इंजिन बंद करायचं बटणसुद्धा दुसरं काही करत नाही, ठिणगीची वीज अर्थला नेऊन सोडतं. अर्थच नाही, तर ते तरी काय करणार!

मग त्यांनी दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक लांब वायर काढली. इंजिन चालू ठेवलं. एक चिमटा मागच्या दिव्याच्या होल्डरला लावला, दुसरा थेट इंजिनाला. दिवा भक्कन पेटला. चिमटा काढला, मंद. लावला, लख्ख. मी चार वेळा करून पाहिलं.

‘‘बल्ब चांगला, वायर चांगली. रंगाऱ्यानं अर्थच्या जागाही रंगवल्यात,’’ अण्णा म्हणाले. रंग वीज अडवतो. म्हणजे मी अब्बांच्या आठवणीनं जो रंग चढवला, त्यानंच हे केलं होतं. रंगाऱ्याला तरी काय बोलायचं? सगळं झाकून टाका, असं मीच सांगितलं होतं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. बोल्ट काढायचा, त्याखालची जागा पॉलिश पेपरनं उघड्या धातूपर्यंत घासायची, थिंबल नवी, तिच्यासोबत दातेरी वॉशर, आणि घट्ट आवळायचं. ग्रीस लावायचं ते नंतर, वरून, पाणी शिरू नये म्हणून. मॅग्नेटोकडून येणाऱ्या वायरींच्या जोडात हिरवट कीट होता. तिथले सॉकेटही बदलले.

एका गोष्टीवर मात्र अण्णांचं आणि माझ्या भाचीचं पटलं नाही. ती चाकणजवळच्या एका वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात आहे, त्या दिवशी माझ्यासोबत आली होती. अण्णा थिंबलला डाख द्यायला लागले तशी ती म्हणाली, ‘‘मामू, डाख दिलेली तार कडक होते. गाडीच्या थरथरीनं नेमकी तिथेच तुटते. नीट दाबून बसवलेली टिकते. आमच्याकडे ओढून बघतात.’’ अण्णांनी तिच्याकडे, मग हातातल्या तारेकडे पाहिलं. ‘‘चाळीस वर्षं डाख देतोय,’’ म्हणाले, पण तारेचा कडक तुकडा कापून पुढची थिंबल दाबून बसवली. नंतर ती ओढूनही पाहिली.

शेवटची जागा मागच्या दिव्याखालची, रुपयाएवढी. माझा लाल रंग निघाला आणि खाली अब्बांच्या वेळचा निळा दिसला. अण्णा थांबले. त्यांनी मला अब्बांच्या मागे बसून शाळेत जाताना पाहिलेलं आहे.

‘‘हाही घासू का?’’

‘‘घासा,’’ मी म्हणालो.

२००९ च्या डिसेंबरात कंपनीनं स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर. आमची मात्र अजून पेट्रोल पिते. त्या दिवशी अण्णांनी तिचं बटण दाबलं आणि इंजिन पहिल्या दाबात बंद झालं. तपासणीत साहेबांनी हॉर्न वाजवला, ब्रेक दाबून मागचा दिवा पाहिला, आणि कागदावर सही केली.