वृषणाचा छेद आणि आपला रिपोर्ट

वराळ्यातला कर्करोगाचा रुग्ण लोणावळ्याचा घाट उतरून परळच्या टाटा रुग्णालयात पोचतो, तेव्हा त्याच्या फायलीत आपल्यापैकीच कुणा पॅथॉलॉजिस्टचा रिपोर्ट असतो. त्या रिपोर्टात काय असावं, याविषयी मला आज अध्यक्ष या नात्याने बोलायचं आहे.

त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ. १९९१ मध्ये ब्रुसेल्सच्या थिएरी बून यांच्या गटाने मेलानोमाच्या एका रुग्णाच्या टी-पेशी नेमक्या कशावर तुटून पडतात, हे शोधलं. त्यातून मॅज हे जनुक हाती आलं. निरोगी पुरुषात ते जवळपास फक्त वृषणात, घडत्या शुक्राणूंच्या पेशींत चालू असतं. पुढे अशी जनुकं सापडत गेली आणि त्यांना कॅन्सर-टेस्टिस प्रतिजन म्हणू लागले.

मॅज कुळातल्या मॅज-ए४ चं स्टेनिंग करताना कंट्रोल म्हणून वृषणाचा छेद घेतात. तो एकदा निवांत पाहा. शुक्रनलिकेच्या कडेला टेकलेल्या पेशी तपकिरी होतात, आत पोकळीकडे जावं तसा रंग विरत जातो, सर्टोली पेशी निळ्याच राहतात. तोच तपकिरी रंग गुडघ्याजवळच्या सायनोव्हियल सार्कोमात दिसला की आजही माझा हात फोकसच्या चाकावर थबकतो.

हे घडतं कसं? इतर पेशींत या जनुकांवर मिथाइल गटांचं कुलूप असतं. शुक्राणू घडताना ते निघतं, आणि कर्करोगात डीएनएवरचे मिथाइल गट गळू लागले की भलत्याच ठिकाणी निघतं. वृषणातल्या या पेशी एचएलए रेणू फारसे दाखवत नाहीत, म्हणून टी-पेशी त्यांच्या वाटेला जात नाहीत. गाठीतली पेशी मात्र ते दाखवते आणि सापडते.

या प्रतिजनांवर नेम धरून उपचार करण्याची वाट सोपी नव्हती. मॅज-ए३ साठी घडवलेल्या टी-पेशींनी हृदयाच्या स्नायूतलं टायटिन हेच लक्ष्य समजून दोन रुग्णांचा जीव घेतला. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच प्रतिजनाची फुप्फुसाच्या कर्करोगावरची लस २०१४ मध्ये अपयशी ठरली. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये मॅज-ए४ वर बेतलेल्या टी-पेशींच्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. सायनोव्हियल सार्कोमाच्या ४४ रुग्णांपैकी १९ जणांच्या गाठी आक्रसल्या होत्या.

आता माझी खरी कळकळ सांगतो. हा उपचार एचएलए-ए०२ च्या ठरावीक उपप्रकारांनाच चालतो. आपल्याकडे अनेक समाजांत आढळणारा ०२:११ त्या यादीत नाही. म्हणजे गाठ मॅज-ए४ ने भरलेली असूनही आपला रुग्ण दाराबाहेरच राहू शकतो. परदेशातल्या यादीत आपली माणसं आपोआप येणार नाहीत. त्यासाठी आपल्या गाठी आपणच तपासायला हव्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. अनिल सुरी यांच्या गटाने स्पॅग-९ हे शुक्राणूंतलं प्रथिन हाती घेतलं आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगापर्यंत त्याचा माग काढला. म्हणजे हे काम आपल्या देशात होतं.

पॅराफिन ब्लॉक आपल्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून आहेत. प्रत्येक विभागाने निदान सार्कोमाचे ब्लॉक काढावेत, नैतिकता समितीची परवानगी घेऊन त्यांवर मॅज-ए४ तपासावं, शक्य तिथे रुग्णाचा एचएलए उपप्रकार नोंदवावा. नोंदीचा नमुना एकच असावा. तो ठरवायला दुपारच्या सत्राचा पहिला तास मी मोकळा ठेवायला सांगितला आहे.