सासवडकरांच्या वतीने स्वागत

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर आणि लांबून आलेल्या भयकथेच्या लेखक-वाचकांनो,

कऱ्हाकाठच्या सासवडनगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत! सोपानकाकांची समाधी इथलीच. माउलींची पालखी दिवे घाट चढून येते ती दोन दिवस इथे विसावते. २०१४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडवही याच गावात पडला.

पण मला बोलायचं आहे पुरंदरे वाड्याबद्दल. अंबाजीपंत पुरंदरे हे बाळाजी विश्वनाथांचे जिवाभावाचे सहकारी. पेशव्यांचं नाव सगळे घेतात, अंबाजीपंतांचं कोणी घेत नाही, ही आम्हा सासवडकरांची जुनी खंत. बाळाजीपंतांनी १७२० साली देह ठेवला तोही सासवडातच. १८१८ साली इंग्रजांचा वेढा पडला, तेव्हा हा वाडा किल्ल्यासारखा झुंजला. ते अजस्र बुरूज आजही उभे आहेत. आत मात्र झाडी माजली आहे. दुपारच्या सत्रानंतर सर्वांनी तो जरूर पाहावा.

आपल्या विषयाशी त्याचं नातं आहेच. २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटातला वाडा म्हणून तो जगाने पाहिला, आणि त्या चित्रपटामागे आपल्या नारायण धारपांच्या ‘आजी’ कथेची प्रेरणा आहे. जुन्या वास्तूचं आणि भयकथेचं हे नातं काही आजचं नाही. इंग्रज लेखक वॉल्पोलच्या १७६४च्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या कादंबरीत आजोबाने विष देऊन बळकावलेल्या किल्ल्याचा हिशेब नातवाला चुकवावा लागतो, ऐन लग्नाच्या दिवशी त्याच्या मुलावर राक्षसी शिरस्त्राण कोसळतं. वाड्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भाऊबंदकी, वर्षानुवर्षं न उघडलेली खोली, सातबाऱ्यावरून गेलेलं नाव हे सगळं त्याने घरातच पाहिलेलं असतं. म्हणून अशा कथा आपल्याला इतक्या धरून ठेवतात, असं माझं मत आहे.

आता व्यवस्थेबद्दल. निवासाची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली, त्याबद्दल क्षमस्व. तालुका अवर्षणप्रवण आहे. पाणी टँकरचं आहे, कृपया जपून वापरावं. वीज गेलीच तर जनरेटर तयार ठेवला आहे. मंडपाचं भाडं न घेणारे व्यावसायिक, अंजिराच्या पेट्या पाठवणारे बागायतदार, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, वर्गखोल्या झाडून देणारे विद्यार्थी आणि नाव जाहीर करू नका म्हणणारे देणगीदार, या सर्वांचे समितीतर्फे अंतःकरणपूर्वक आभार. काही उणं पडलं तर थेट माझ्याकडे यावं. तिन्ही दिवस मी मांडवातच आहे.

अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.