कॅलेंडरवरच्या फुल्या

(श्रावणातील मासिक सभेत केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सारे स्वयंपाकघरात झाले. चिटणीसबाईंनी ‘आपली आपण ओळख’ हा विषय दिला तेव्हा मी म्हटले, हा कीर्तनकारांचा विषय, मला कशाला? पण गेल्या सहा महिन्यांत माझ्याच घरी जे घडले ते याच विषयातले आहे, म्हणून उभी राहिले.

माघातली गोष्ट. माझी मुलगी दहावीत होती. एके दुपारी पोट दुखते म्हणून ती शाळेतून लवकर आली, ती घरी न येता शेजारच्या काकूंकडे जाऊन निजली. पाळीचे दुखणे होते. मला कळले ते काकूंकडून. मी तिला विचारले, “घरात आई असताना दुसऱ्याच्या दारात का गेलीस?” ती म्हणाली, “दुपारी तू फार ओरडतेस.” “मी कधी ओरडते?” असे मी विचारले, तेही ओरडूनच. काकूंना हसू आले. मला आले नाही.

त्या रात्री मला नामदेव महाराजांची कथा आठवली. आपल्या कयाधूकाठच्या नरसीचे ते, त्यामुळे कथा आपणा सर्वांच्या पाठची आहे. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने थापटणे पाहून विचारले, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते पाहायला. मग आमचीही परीक्षा करा, असे ती म्हणाली. एकेकाच्या डोक्यावर थापटणे बसू लागले. बाकीचे स्वस्थ राहिले, नामदेवांना मात्र राग आला, आणि गोरोबांनी सांगितले, हे मडके कच्चे. पुढे ते आपल्या औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, ते आपण जाणतोच.

मला या कथेत नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते. ज्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, एवढ्या मोठ्या माणसालाही आपले कच्चेपण आपले आपल्याला दिसले नव्हते. ते दाखवले एका कुंभाराने आणि वयाने लहान मुलीने. महाराज आधी रुसले, मग शोधायला निघाले. माझ्याही डोक्यावर मुलीने थापटणे मारले होते. रुसून झाले, आता शोधायचे होते.

दुधाचा हिशेब मी कॅलेंडरवर लिहिते. त्याच तारखांच्या चौकटीत, ज्या दिवशी आवाज चढला त्या दिवशी फुली मारायची आणि वेळ लिहायची असे ठरवले. पहिल्या आठवड्यात लाज वाटली, कारण चौकटीत जागा पुरेना! पण महिन्याअखेरीस पाहते तो बहुतेक फुल्या दुपारी बारा ते दोनच्या. सकाळी सहाला चहा घेतला की सर्वांचे डबे, धुणे, पाणी आटोपून मी दोनला जेवत असे. उपवासाच्या दिवशी तर विचारूच नका. म्हणजे मुलीवर ओरडत होती ती निम्मी माझी भूक होती.

चक्करही येई, म्हणून दवाखान्यात गेले. रक्त कमी निघाले. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली, तीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५७ जणींना रक्त कमी होते. आपणही त्यातल्याच, हे कळले तेव्हा जरा धीर आला. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आता दहा वाजता शिळी का होईना, अर्धी भाकरी गुळाशी खाते. सासूबाईंना आधी रुचले नाही. हल्ली त्याच हाक मारतात.

त्याच फुल्यांनी आणखी एक दाखवले. मी दुपारी शिवण घेऊन बसते, तेव्हाच बाही उलटी लागते. आता कापड बेतायचे काम सकाळी करते, दुपारी नुसती काजे-बटणे. उसवणे वाचल्याने आठवड्यात एक ब्लाऊज जास्त होतो. मोबाईल वेळ पाहायला उचलायचा आणि अर्धा तास घालवायचा, हेही सापडले. ते अजून सुटलेले नाही, खोटे कशाला सांगू?

मात्र एक सांगते. आपल्याकडे पाहायचे म्हणजे सारा दोष आपल्याच पदरात घ्यायचा, असे नव्हे. काही फुल्या भाकरीने गेल्या नाहीत. त्या रात्री नऊच्या होत्या, सारे जेवून उठले की भांड्यांचा ढीग आणि मी एकटी. तो राग कच्चेपणाचा नव्हता, खरा होता. फक्त तो मी मुलीवर काढत होते आणि सांगायचा होता दुसरीकडे. कॅलेंडर घेऊन मालकांपुढे बसले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाला म्हणाले, “ताटे आपापली घासायची.” स्वतःचे ताट त्यांनी घासले ते चौथ्या दिवशी, पण घासले.

परीक्षेच्या आधी एकदा मुलगी पोट धरून आली ती सरळ घरी आली. मी गरम पाण्याची पिशवी दिली. फार बोलणे झाले नाही.

कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. परवाच्या तारखेला दोन फुल्या आहेत. गॅस संपला होता आणि पाहुणे आले होते.